मुलीचें वय आणि घराची घाई

गेल्या वैशाखांत नात पुण्याहून मोडनिंबास आली. सात वर्षें पुरीं होऊन तिला तीन महिने झाले होते. न्हाऊं घालतांना तिच्या काखेंत व ओटीपोटाखालीं विरळ केंस आले आहेत आणि घामास थोरांच्या घामासारखा वास येतो, ही गोष्ट आमच्या मंडळींच्या नजरेस आली. त्यांनीं ती माझ्या कानीं घातली ती अशा सुरांत, कीं जणूं त्या पोरीकडून कांहीं अपराध घडला आहे ! सायंकाळपर्यंत माजघरांत दोन ठराव झाले. मुलीनें आतां अंगणांत मुलांबरोबर हुंदडूं नये, हा पहिला. आणि ती लवकर मोठी होते आहे, तेव्हां अंगांत शक्ति असावी म्हणून रोज सकाळीं साजूक तुपांतला शिरा द्यावा, हा दुसरा. दोहोंसही मी मूक संमति दिली, हें आधींच कबूल करतों.

दोन्ही ठराव चुकीचे होते. ते कसे, हें वाचक-वाचकभगिनींस सांगावें म्हणून आजचें हें पान.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी एक लहानशी ग्रंथि असते. संस्कृतांत मूत्रपिंडास वृक्क म्हणतात, म्हणून ही अधिवृक्क ग्रंथि. तान्हेपण सरल्यावर तिचा एक थर कित्येक वर्षें जवळजवळ निजून असतो, आणि साधारणपणें सहा ते आठ वर्षांच्या सुमारास जागा होऊन सौम्य असे पुरुषधर्मी रस स्रवूं लागतो. केंस, घामाचा वास, तेलकट कातडी, क्वचित् मुरमें, हीं त्याचीं चिन्हें. मुलींत तीं आठव्या वर्षापूर्वीं दिसलीं तर वैद्यकशास्त्र त्यांस अकालीं समजतें. परंतु न्हाण येणें हा निराळा व्यापार आहे. त्याची आज्ञा मेंदूकडून बीजकोशांस जाते, व त्याचें पहिलें चिन्ह बहुधा स्तनांची वाढ हें असतें. सोलापुरांत गिरण्या चालत तेव्हां एकीचा भोंगा झाला म्हणून दुसरीचे मजूर आंत शिरत नसत, तसेंच हें. सात वर्षांची मुलगी अशा केंसांमुळें बाई होत नाहीं.

पुण्यास परतल्यावर मुलानें तिला बालरोगतज्ज्ञांकडे नेलें. हाडांचें वय पाहण्यासाठीं डाव्या हाताचें क्ष-किरण चित्र काढलें, रक्त तपासलें. ग्रंथींत जन्मजात दोष किंवा गांठ नाहीं, अशी प्रथम खात्री करून घ्यावी लागते. आवाज घोगरा होणें, उंची एकाएकीं वाढणें, गुह्यांगाच्या ठेवणींत फरक पडणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास एक दिवसहि दवडूं नये. आमच्या नातीस तसें कांहीं नव्हतें. मग डॉक्टरांनीं दोनच प्रश्न विचारले : जन्मतः वजन किती होतें, आणि आज किती आहे ?

जन्मतः २.१ किलो. आज ३१.

या प्रश्नांमागें मोठा इतिहास आहे. इंग्लंडांतील हर्टफर्डशायर परगण्यांत सुईणींनीं व आरोग्यसेविकांनीं ठेवलेल्या जुन्या नोंदींवरून डॉ. डेव्हिड बार्कर यांनीं १९८९ सालीं दाखविलें, कीं जन्मतः व पहिल्या वर्षाअखेर हलके असलेले पुरुष पुढें हृद्रोगानें अधिक प्रमाणांत दगावले. आपल्याकडे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकें सरासरी २.७ किलोंचीं, तर साउदॅम्प्टनचीं ३.५ किलोंचीं. तथापि आपल्या बाळांत जी उणीव होती ती मुख्यतः मांसाची. कातडीखालची चरबी त्या मानानें टिकून होती. दिसण्यांत कृश, आंतून मेदयुक्त ! त्याच रुग्णालयांत जन्मलेल्या ४७७ मुलांची आठव्या वर्षीं तपासणी झाली, आणि १९९९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला, कीं जन्मतः लहान पण आठव्या वर्षीं जड झालेल्या मुलांत मधुमेह व हृद्रोग यांचीं पूर्वचिन्हें सर्वांत ठळक होतीं.

इकडे स्पेनमध्यें बार्सिलोना येथें डॉ. लुर्देस इबान्येझ यांनीं १९९८ सालीं अकालीं केंस येणाऱ्या मुलींचीं जन्मवजनें पाहिलीं, तों तींही कमी निघालीं. त्यांतील कित्येकींच्या रक्तांत इन्सुलिन वाजवीपेक्षां अधिक होतें, आणि अशांस पुढें पाळीची अनियमितता व बीजकोशांचे विकार होण्याचा संभव जास्त. इन्सुलिन वाढलें कीं तें साखरेचेंच काम पाहून थांबत नाहीं. पुरुषधर्मी रसांनाही तें बळ देतें. या सर्वांचा धागा असा एकत्र येतो.

याचा अर्थ अशी प्रत्येक मुलगी पुढें रोगी होईल असा मात्र नव्हे. फिनलंडांत कुओपिओ येथें अशा मुलींवर तारुण्यापर्यंत लक्ष ठेवलें गेलें. त्यांच्यांत आढळलेला दोष बराचसा वजनाशीं निगडित होता. म्हणजे जें बदलतां येण्याजोगें आहे, तेंच कारण मोठें. मला स्वतःला हें वाचून धीर आला, आणि लाजहि वाटली. कारण जन्मतः मूठभर असलेली ही नात वर्षभरांत कशी भरली, हें मीच येणाऱ्या-जाणाऱ्यांस अभिमानानें दाखवीत असें. पहिल्या वर्षीं दूध-अन्नानें बाळ सुधारावें हें योग्यच. पण त्यापुढें दर सुटींत तूप-साखरेचा जो मारा चालला, तो प्रेमाचा कीं आमच्या हौसेचा?

डॉक्टरांनीं औषध दिलें नाहीं. रोज तासभर धांवणें-खेळणें, गोड कमी, सहा महिन्यांनीं वजन, उंची व रक्तदाब. न्हाण आल्यानंतरही पाळी बराच काळ अनियमित राहिली तर पुन्हा दाखवावें. आणि मुलीजवळ या विषयाची कुजबुज करूं नये. विचारलेंच तर साधेपणानें सांगावें. वैशाखांतले ते आठ दिवस ती खिडकीच्या गजांस धरून चुलतभावांचा लपंडाव पाहात उभी असे. का, हें तिनें विचारलें होतें. मीं उत्तर दिलें नव्हतें.

दिवाळींत ती येईल. अंगणांतल्या लिंबास झोपाळा बांधला आहे व उडी मारण्याची दोरीहि आणवून ठेवली आहे. शिऱ्याचा प्रश्न मात्र आमच्या माजघरांत अद्यापि चर्चेंतच आहे.