‘बिग वायर’ म्हणजे कोणती?

पवनी तालुक्यातील गोसीखुर्द हे गाव वैनगंगेवरील धरणामुळे सर्वांना ठाऊक आहे. त्या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. या भागातील अनेक मुले दहावीपर्यंत विज्ञान मराठीत शिकतात आणि अकरावीत प्रयोगवही एकदम इंग्रजीत लिहू लागतात. ओहमच्या नियमाच्या प्रयोगात तारेचे वर्णन करावयाचे आले की वहीत ‘बिग वायर’, ‘स्मॉल वायर’ असे शब्द उतरतात. व्याकरणाने ते चालतील. भौतिकीला ते चालत नाहीत.

का, ते पाहा. ‘मोठी’ म्हणजे लांब असेल, तर तारेचा रोध वाढतो. ‘मोठी’ म्हणजे जाड असेल, तर तो कमी होतो. एकाच विशेषणातून दोन उलट उत्तरे! यात इंग्रजीचा दोष नाही. मराठीत आपण ‘मोठी तार’ असेच मोघम बोलतो आणि तोच मोघमपणा इंग्रजीत नेतो.

‘थिक’, ‘थिन’ त्यापेक्षा बरे, पण अपुरेच. रिळावरचा एस. डब्ल्यू. जी. नंबर लिहावा, तर तोही जपून वाचावा लागतो. २० नंबरच्या तारेचा व्यास ०.९१४ मि.मी., तर ३० नंबरच्या तारेचा अवघा ०.३१५ मि.मी. असतो. (विणकरांच्या सुताचेही असेच, नंबर वाढला की सूत तलम.)

खरी गफलत बाजारात होते. शेतकरी पंपासाठी ‘चार एम.एम.ची वायर’ मागतो. वेष्टनावर इंग्रजीत ‘फोर स्क्वेअर एम.एम.’ असे छापलेले असते. बोलताना ‘स्क्वेअर’ गळून पडतो. ४ चौ. मि.मी. हे काटछेदाचे क्षेत्रफळ आहे. अशा एकसंध तारेचा व्यास सुमारे २.२६ मि.मी. भरेल. व्यासच ४ मि.मी. धरला, तर क्षेत्रफळ सुमारे १२.६ चौ. मि.मी., म्हणजे तिपटीहून अधिक होईल. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही तोच शब्द गाळतात, म्हणून दुकानात निभते. उत्तरपत्रिकेत निभत नाही.

आणि जाडीचा प्रश्न किरकोळ नाही. १ चौ. मि.मी.च्या १०० मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे १.७ ओहम असतो. विहीर तितकी दूर असेल, तर जाऊन-येऊन ३.४ ओहम झाले. एकफेजी मोटर १० अँपिअर प्रवाह घेत असेल, तर २३० व्होल्टपैकी ३४ व्होल्ट वाटेतच संपतात. ४ चौ. मि.मी.ची तार घेतली तर फक्त साडेआठ.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना माझे सांगणे आहे, की ‘ए’ आणि ‘द’ चुकले म्हणून गुण कापू नका. ‘कॉपर वायर, लेंग्थ वन मीटर, डायमीटर पॉइंट फाइव्ह मिलिमीटर, इनॅमल्ड’ एवढे क्रियापदाविना लिहिले तरी पूर्ण गुण द्या. एकक गाळले, तर मात्र मुळीच सोडू नका.

मित्रांनो, सूक्ष्ममापी नसेल तर उघडी तार पेन्सिलीवर चिकटून २० वेढे गुंडाळा. वेढ्यांची एकूण रुंदी पट्टीने मोजा आणि तिला २० ने भागा. तारेवर आवरण असेल, तर येणारा व्यास आवरणासकट असतो. तेही वहीत लिहा.