डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ

डोक्याला मार लागलेला माणूस दवाखान्यात नेला की आपण दोनच प्रश्न विचारतो. शुद्धीवर आला का? आणि सीटी स्कॅनमध्ये काय निघालं? दोन्हींची उत्तरं बरी आली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पण थोड्या रुग्णांच्या बाबतीत खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

मेंदूच्या धमनीला येणारा फुगा, म्हणजे अॅन्युरिझम, हा शब्द बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेला असतो. बहुतेक फुगे वर्षानुवर्षं, कुणाला पत्ता न लागता तयार होत असतात. मार लागून होणारे फुगे एकूण फुग्यांच्या १ टक्क्याहूनही कमी. पण ही जात वेगळी आहे. नेहमीच्या फुग्याला पातळ का होईना, धमनीची स्वतःची भिंत असते. मार लागून झालेल्या फुग्याला बहुधा तीही नसते. धमनी फाटलेली असते आणि बाहेर आलेलं रक्त गोठून त्याचंच एक तात्पुरतं कवच झालेलं असतं. डॉक्टर याला 'खोटा फुगा' म्हणतात. नाव खोटं, धोका मात्र अगदी खरा!

आणि मेख अशी, की पहिल्या दिवशीच्या साध्या सीटी स्कॅनमध्ये तो दिसेलच असं नाही. कित्येकदा तो काही दिवसांनी आकार घेतो आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांनी फुटतो. तोवर माणूस घरी आलेला असतो. कवटीच्या तळाचं हाड मोडून तिथून जाणाऱ्या कॅरॉटिड धमनीला इजा झाली असेल, तर एके दिवशी नाकातून भळाभळा रक्त येतं. घरचे म्हणतात, घोळणा फुटला, उष्णता झाली असेल. डोक्यावर पाणी थापतात, कांदा हुंगायला देतात. त्यात त्यांचा काय दोष? त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आता उपचारांकडे वळू. पूर्वी मार्ग मोजकेच होते. कवटी उघडून चिमटा लावायचा, पण भिंतच नाही तर चिमटा धरणार कशाला? किंवा ती धमनीच कायमची बंद करायची आणि उरलेल्या धमन्या मेंदूला पुरेसं रक्त पुरवतील अशी आशा करायची. १९९० च्या दशकात फुग्यात प्लॅटिनमच्या बारीक तारेची वेटोळी भरण्याची पद्धत रूढ झाली. पण खोट्या फुग्याच्या कच्च्या कवचात वेटोळी भरताना तो फुटण्याची भीती असते, आणि नंतर ती आत सरकूही शकतात.

मग आला फ्लो डायव्हर्टर. म्हणजे अतिशय बारीक तारांची दाट विणलेली नळी. जांघेतून किंवा मनगटातून कॅथेटर घालून ती धमनीत नेऊन उघडतात. फुग्याला हातच लावायचा नाही, धमनीचं अस्तर दुरुस्त करायचं. शेतातल्या पाटाचा काठ फुटून शेजारी डबकं साचलं तर आपण काय करतो? डबकं उपसत बसत नाही, पाटाचा काठ नीट करतो. मग डबक्यातलं पाणी थांबतं, गाळ बसतो, हळूहळू ते बुजून जातं. इथेही तसंच. फुग्यातलं रक्त संथ होतं, गोठतं, जाळीवर नवं अस्तर धरतं आणि मूळ धमनी वाहती राहते. कल्पना मला तरी फार सुंदर वाटते.

अमेरिकेत 'पाइपलाइन' नावाच्या अशा जाळीला २०११ मध्ये मान्यता मिळाली. त्यामागच्या अभ्यासात १०८ रुग्ण होते. वर्षभरानंतर तपासलेल्यांपैकी सुमारे ८७ टक्के फुगे पूर्ण बंद झालेले दिसले, पाच वर्षांनी सुमारे ९५ टक्के. पण हे आकडे वाचताना एक गोष्ट विसरू नये. ते नेहमीच्या मोठ्या फुग्यांचे आहेत, अपघातातल्या फुग्यांचे नाहीत. अपघाती फुग्यांसाठी जो पुरावा आहे तो बहुतांशी छोट्या छोट्या रुग्णमालिकांचा. तो आशादायक आहे, पण आशादायक म्हणजे सिद्ध नव्हे.

आणि दोन अडचणी आहेत. एक, डबकं एका रात्रीत बुजत नाही, तसा फुगाही बंद व्हायला आठवडे-महिने लागू शकतात. इथे तर तो आज-उद्या फुटेल अशी धास्ती असते. म्हणून काही वेळा जाळीबरोबर वेटोळीही भरतात, किंवा एकात एक दोन जाळ्या बसवतात. दुसरी, जाळीवर गुठळी होऊ नये म्हणून अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारखी दोन औषधं काही महिने घ्यावी लागतात. ज्याच्या मेंदूत नुकताच रक्तस्राव झालाय, त्याला रक्त गोठू न देणारी औषधं! म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. हा निर्णय रुग्णागणिक वेगळा असतो आणि तो नातेवाईकांना समजेल अशा भाषेत सांगायलाच हवा. "नवीन टेक्निक आहे, सही करा" एवढ्यावर भागत नाही.

माझा खरा मुद्दा मात्र यापुढचा आहे. या जाळीसाठी काही लाख रुपये मोजावे लागतात. सरकारनं २०१७ मध्ये किमतींना लगाम घातला तो हृदयाच्या स्टेंटच्या. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेनं बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजबरोबर देशी फ्लो डायव्हर्टर विकसित केला आणि त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या एका कंपनीला दिलं, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण जाळी उद्या स्वस्त झाली तरी फुगा सापडलाच नाही तर ती बसवणार कुठे?

काही डॉक्टर म्हणतील, इतक्या दुर्मिळ गोष्टीसाठी सगळ्यांची अँजिओग्राफी करायची का? नाही. सगळ्यांची नकोच. खर्च आहे, किरणं आहेत, डायचा त्रास आहे. पण कुणाची करायची याचे निकष अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकातच मांडायला सुरुवात केली होती. कवटीच्या तळाचं हाड कॅरॉटिडच्या मार्गात मोडलं असेल तर सीटी अँजिओग्राफी करा, आणि शंका असेल तर आठवडा-दहा दिवसांनी पुन्हा करा, अशी साधी शिस्त आहे.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यात सर्वाधिक दुचाकीवरची. जी वाचली त्यांत डोक्याला मार लागलेले किती असतील, कल्पना करा. त्यांतल्या फारच थोड्यांना हा फुगा होणार, हे खरं. पण त्या थोड्यांसाठी डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या यादीखाली मराठीत एक ओळ लिहायला काय खर्च येतो? 'महिनाभरात नाकातून खूप रक्त आलं, एका डोळ्याची नजर गेली किंवा अचानक भयंकर डोकं दुखलं, तर घरी थांबू नका, लगेच या.'

लाखांच्या जाळीचा उपयोग व्हायचा असेल, तर आधी ही फुकटची ओळ हवी. तुमच्या घरातलं कुणी असं डोक्याला मार लागून घरी येत असेल आणि ती ओळ कार्डावर नसेल, तर डॉक्टरांना विचारा. विचारण्यात संकोच कसला?