दाढीवाल्या सरड्याचं ऊन



इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. तिला वाढदिवसाला बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे दाढीवाला सरडा मिळणार आहे. तिचे बाबा म्हणतात, "पेटी खिडकीशी ठेवू, रात्री उबेला लाल दिवा लावू, झालं!" एवढं पुरेल का, असं तिनं विचारलंय.

नाही हो बाबा, एवढ्यानं नाही भागायचं!

हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या, रखरखीत मुलखातला. आपल्याकडेही सकाळी कुंपणावर ऊन खात बसलेला सरडा तुम्ही पाहिला असेलच. (त्याला पकडून पेटीत घालू नका हं, तो कुंपणावरच शोभतो!) तो काही आळशी नसतो. सरड्याचं शरीर आपल्यासारखी स्वतःची ऊब तयार करत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. ऊब मिळाली नाही तर खाल्लेलंही पचत नाही.

म्हणून पेटीच्या एका टोकाला, वरून उष्णता देणारा पांढरा दिवा हवा. त्याखालचा दगड ३८ ते ४२ अंश सेल्सिअस तापावा, दुसरं टोक मात्र २५ अंशांच्या आसपास राहावं. मोठ्या सरड्याची पेटी निदान चार फूट लांब हवी, ती याचसाठी. छोट्या पेटीत गार टोक उरतच नाही, मग बिचाऱ्यानं उकडलं तर जायचं कुठे? दोन्ही टोकांना तापमापक लावा. दिव्याला थर्मोस्टॅट आणि जाळी हवीच. विजेवर तापणारे दगड मिळतात, ते घेऊ नका. त्यांवर बसून सरड्यांची पोटं भाजतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. उन्हात ऊब असते, तसेच डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही असतात. त्यांतले 'यूव्हीबी' किरण अंगावर पडले की सरड्याच्या कातडीत 'ड' जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल तर खाण्यातलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचत नाही. जबडा मऊ पडतो, पाय थरथरतात, वाकतात, उडी मारताना हाड मोडतंसुद्धा. एकदा वाकलेलं हाड पुन्हा सरळ होणं फार कठीण! आणि खिडकीची काच नेमके हेच किरण अडवते. म्हणजे ऊन दिसतंय लख्ख, पण सरड्याच्या पदरात काहीच नाही. शिवाय उन्हाळ्यात काचेची पेटी भट्टीसारखी तापते, ते वेगळंच.

तेव्हा सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबीची लांब ट्यूब आणा. पेटीच्या निम्म्याहून जास्त लांबीची हवी. ती उष्ण टोकाकडेच बसवा, आणि मध्ये काच किंवा प्लॅस्टिक येऊ देऊ नका. किती उंचीवर लावायची ते खोक्यावर छापलेलं असतं, ते आई-बाबांनी नीट वाचावं. पैसे वाचवायचे तर सजावटीत वाचवा, ट्यूबमध्ये नको.

आणि तो लाल दिवा? सरड्याला लाल उजेडही दिसतो. तुमच्या उशाशी रात्रभर दिवा जळत ठेवला तर झोपाल का? दिवे रोज बारा-चौदा तास, मग पूर्ण अंधार. खोली रात्री १८ अंशांखाली जात असेल तर उजेड न देणारा सिरॅमिकचा हीटर मिळतो, तो लावा. तोही थर्मोस्टॅटवरच.

ट्यूब बसवाल त्या दिवशीची तारीख कागदाच्या पट्टीवर लिहून पेटीला चिकटवा. वर्षभरानंतरही ती लख्ख पेटेल, पण तोवर तिच्यातले यूव्हीबी किरण बरेच कमी झालेले असतात. नवी आणायची ती तारीख बघून, उजेड बघून नव्हे.