आधी ब्रेक, मग बूस्ट



आपल्या मंडळातल्या एका तरुणाने विचारलंय, "काका, टर्बो गाडी घेतलीय. वर्षभर पगारातून पैसे साठवलेत. चेन्नईच्या ट्रॅकवर जाऊन लॅपचा वेळ कमी करायचाय. आधी बूस्ट वाढवून घेऊ ना?" माझी नोकरी हजिऱ्याला कॉम्प्रेसर सांभाळण्यात गेली, आणि टर्बो म्हणजे शेवटी कॉम्प्रेसरच. म्हणून या वेळचं सदर त्याच्यासाठी, आणि अशाच बेतात असलेल्या सगळ्यांसाठी. माझं उत्तर आहे: बूस्ट सगळ्यात शेवटी.

इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू टर्बोचं एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. पण दाबलेली हवा तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम लागतो, तसंच. सुरतेतली 35 अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली की साधारण 130 अंशांपर्यंत जाते. चांगल्या इंटरकूलरने ती 60 अंशांवर आणली, तर तेवढ्याच दाबात सुमारे 20 टक्के जास्त हवा मावते.

हवा तापलेली ठेवून नुसता बूस्ट वाढवला तर? ठिणगीची ज्वाळा पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात. ते वाढलं तर पिस्टन जातो. आजकालच्या गाड्यांचा ईसीयू नॉकिंग ओळखून ठिणगी उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पण ताकद उतरते. पहिली लॅप झकास आणि चौथीला गाडी ढेपाळलेली, याचं कारण बहुतेक वेळा हेच.

आता ब्रेक. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. डॉट 4 ब्रेक ऑइल नवीन असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा शोषतं, आणि ओलावलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा 155 अंशांवर येते. आपल्यासारख्या दमट गावात वर्षानुवर्षं तेच ऑइल ठेवून ट्रॅकवर गेलात, तर ऐन वळणाआधी पेडल खाली बसेल.

थोडा हिशेब करू. 500 मीटरच्या सरळ पट्ट्यावर सरासरी वेग ताशी 150 वरून 155 केला तर वाचतात 0.4 सेकंद. 100 मीटरच्या वळणात 60 वरून 66 केला तर वाचतात 0.5 सेकंदाहून जास्त. पहिल्यासाठी इंजिनावर खर्च. दुसऱ्यासाठी चांगले टायर, नीट अलाइनमेंट आणि चालवणाऱ्याचा सराव.

उदाहरण आपल्या चाकणचं. तिथे कारखाना असलेल्या फोक्सवॅगनने 2010 साली भारतात पोलो कप सुरू केला. 2017 साली आलेल्या अमियो कपच्या गाडीत 1.8 लिटरचं टर्बो इंजिन होतं, 205 अश्वशक्तीचं. आपल्या कोल्हापूरचा ध्रुव मोहिते याच शर्यतींत धावला. इथे प्रत्येकाला सारखीच गाडी मिळायची. तरी सगळ्यांचा लॅपचा वेळ सारखा यायचा नाही. फरक पडायचा तो ब्रेक कुठे दाबला आणि वळणातून बाहेर पडताना गॅस कधी दिला, यात.

म्हणून साठवलेल्या पैशांचा क्रम असा ठेवा: ब्रेक ऑइल आणि पॅड, टायर, ट्रॅकवर प्रशिक्षकासोबत एक दिवस, मग इंटरकूलर आणि ऑइल कूलिंग. ट्यून त्यानंतर, तोही डायनोवर आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान नोंदवून. एका वेळी एकच बदल करा, वहीत लिहा, पाच लॅप मारा. दोन बदल एकदम केले तर कशाने फायदा झाला ते कळणार नाही.

आणि एक, आईवडिलांच्या वतीने. डुमस रोड रात्री कितीही मोकळा दिसला तरी तो ट्रॅक नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 प्रमाणे रस्त्यावर शर्यत लावल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ट्रॅकवर चूक झाली तर गाडी वाळूत जाऊन थांबते. डुमस रोडवर समोरून कुणीतरी आपल्या लेकराला स्कूटरवर घेऊन येत असतं.