स्टेंटनंतर रक्ताचा अहवाल कसा वाचावा?

हृदयाच्या रोहिणीत स्टेंट बसवून रुग्ण घरी येतो. आठवड्याभरात ‘सीबीसी’चा अहवाल हाती पडतो आणि ठळक छापलेले आकडे पाहून घरची मंडळी धास्तावतात. ‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनीच हे झाले,’ असे कुणीतरी सुचवते आणि गोळ्या बंद होतात. खरा धोका इथेच असतो.

अहवालातला एकच आकडा पाहून निष्कर्ष काढू नये. स्टेंट बसवण्यापूर्वीचा अहवाल शेजारी ठेवून फरक पाहावा.

हिमोग्लोबिन : उपचारात थोडे रक्त जाते, सलाईनमुळेही ते काहीसे विरळ होते. त्यामुळे १४ चे १३ झाले, तर सहसा काळजीचे कारण नसते. मात्र ३ ग्रॅम किंवा अधिक घट झाली, अथवा आकडा उतरतच राहिला, तर कुठेतरी रक्तस्राव होत नाही ना, हे तपासावे लागते. डांबरासारखी काळी शौच, जांघेत वा पाठीत तीव्र दुखणे, चक्कर, धाप ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.

पांढऱ्या पेशी : हृदयविकाराचा झटका आणि उपचार यांचा शरीरावर ताण पडतो. त्यामुळे या पेशी काही दिवस वाढलेल्या दिसू शकतात. सोबत ताप किंवा सुई टोचल्याच्या जागी पू असेल, तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी.

प्लेटलेट्स : यांची संख्या साधारण दीड ते साडेचार लाख असते. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांचे काम प्लेटलेट्सची संख्या घटवणे नव्हे, तर त्यांचा चिकटपणा कमी करणे हे आहे. म्हणून संख्या नेहमीइतकीच राहिली, तरी औषध लागू पडले नाही असे समजू नये. कधी कधी नळीत प्लेटलेट्सचे पुंजके होतात आणि यंत्र त्या कमी मोजते. अशा वेळी सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा मोजणी करावी. परंतु उपचारात हेपॅरिन दिले असेल आणि पाच ते दहा दिवसांत संख्या निम्म्यावर आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. हा दुष्परिणाम विरळा, पण गंभीर आहे.

स्टेंटच्या जाळीवर रोहिणीचे अस्तर चढायला काही महिने लागतात. तोवर गोळ्या अचानक थांबवल्यास जाळीत गुठळी होऊन झटका येऊ शकतो. म्हणून अहवाल कसाही असो, गोळी बंद करण्याचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांनीच घ्यावा.