मांडव्याचे कुरव आणि आपला वसंत

पक्षीनिरीक्षणाची बहुतेक पुस्तके आपल्याकडे इंग्रजीतून आली आणि त्यांच्याबरोबर ऋतूंची एक परकी मांडणीही आली. युरोपातला निरीक्षक वसंताची वाट पाहतो, कारण त्याचे पक्षी तेव्हा घरी येणार असतात. कोकणच्या किनाऱ्यावर नेमके उलटे घडते. इथला वसंत हा पाहुण्यांच्या परतीचा काळ. आंब्याला कैऱ्या धरतात, कोकिळ पहाटेपासून ओरडू लागतो आणि त्याच दिवसांत समुद्रकाठ हळूहळू रिकामा होत जातो. आमच्या काव्यपरंपरेने कोकिळावर अमाप शाई खर्च केली आहे. रिकाम्या होणाऱ्या किनाऱ्याकडे मात्र तिचे क्वचितच लक्ष गेले. हा दोष केवळ कवींचा आहे असे आम्हांस वाटत नाही. आपली एकूण पाहण्याची सवयच आगमनाच्या बाजूने झुकलेली आहे.

मांडव्याचे उदाहरण घेऊ. हे नाव काढले की पुष्कळांना १९९० सालचा 'अग्निपथ' आठवतो, असो. मुंबईकराच्या लेखी मांडवा म्हणजे गेटवेहून तासाभराचा बोटीचा प्रवास आणि पुढे अलिबागचा रस्ता. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारी वाहून आणणारी रो-रो बोटही सुरू झाली. हिवाळ्यात या बोटींच्या मागे पांढऱ्या-राखाडी पक्ष्यांचे थवे लागतात आणि प्रवासी कठड्याला रेलून त्यांच्याकडे वेफर्स नि कुरकुरे भिरकावतात. बोटीवरचा लहानथोर प्रत्येक जण त्यांना 'सीगल' म्हणतो. मराठीत त्यांना कुरव हे नाव आहे, ते कोशांतून आणि पक्ष्यांच्या पुस्तकांतून सुखाने नांदते आहे.

हे कुरव मुख्यत्वे दोन जातींचे असतात: काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा. हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी असतात, डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका. फेब्रुवारी-मार्चमध्ये विणीचा पेहराव चढू लागतो आणि डोक्यावर गडद टोपी येते. गंमत अशी की 'काळ्या डोक्याच्या' कुरवाची टोपी जवळून पाहिली तर गडद चॉकलेटी असते. नावाचा भरवसा धरून ओळखायला जाणारा इथे हमखास फसतो. त्यापेक्षा डोळा पाहावा. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाचा डोळा फिकट, दुसऱ्याचा काळा. शिवाय पहिल्याच्या पंखांच्या काळ्या टोकांवर ठळक पांढरे ठिपके. वेफर्स टिपायला पक्षी कठड्यापासून हातभर अंतरावर येतो, तेव्हा हे सारे दुर्बिणीविना दिसते.

वेफर्स फेकणाऱ्यांवर रागावण्याची आजकाल पद्धत पडली आहे, आणि तळलेले खारट पदार्थ हे कुरवाचे अन्न नव्हे हे उघडच आहे. मासळी, खेकडे, किडे हा त्याचा आहार. रिकामी पाकिटे पाण्यात जातात ते वेगळेच. हे बंद व्हावे असेच आमचे मत आहे. तरीही त्या प्रवाशांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांतले पोर निदान पक्ष्याकडे पाहते तरी! आमची तक्रार निराळी आहे. डिसेंबरात ज्याने पांढऱ्या डोक्याचा कुरव पाहिला, तोच मार्चअखेर गडद टोपीचा कुरव पाहतो आणि हा दुसराच कुठला पक्षी समजतो. सुट्या लागल्यावर, एप्रिलच्या उत्तरार्धात नि मेमध्ये, बोटी तशाच भरून जातात, पाकिटे तशीच फुटतात, पण पक्षी जवळजवळ नसतात. ते कुठे गेले असे विचारणारा आम्हांला बोटीवर आजवर भेटलेला नाही.

तपकिरी डोक्याचा कुरव कुठे जातो हे माहीत आहे. मध्य आशियातील उंच पठारांवरच्या सरोवरांकाठी त्याची वीण होते. आपल्याच लडाखमध्ये, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवरच्या त्सो मोरीरीच्या परिसरात तो घरटी करतो. मांडव्याच्या धक्क्यावर भजी खाणाऱ्याच्या डोक्यावरून जाणारा पक्षी दोन महिन्यांनी हिमशिखरांच्या सावलीत अंडी उबवत असू शकतो. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर तुरुतुरु धावणारे चिखले पाहा. हिवाळाभर मातकट दिसणाऱ्या या पक्ष्यांच्या छातीवर निघण्यापूर्वी विटकरी रंग चढतो. त्यांतल्याही काहींचे माहेर तिबेटच्या पठारावर आहे.

या दिशेची जाणीव आपल्या परंपरेत अजिबात नव्हती असे मात्र नाही. 'मेघदूता'तले राजहंस मेघाच्या सोबतीने कैलासापर्यंत जातात, मानससरोवराच्या ओढीने. संस्कृत कवींनी हंसांचे हे प्रस्थान वर्षाऋतूच्या आरंभाशी जोडले आणि पुढे तो कविसंकेतच होऊन बसला. प्रत्यक्षात हिमालयापलीकडे जाणारे पट्टकादंबासारखे हंस मार्च-एप्रिलमध्येच निघून गेलेले असतात, आषाढाच्या कितीतरी आधी. दिशा अचूक, महिना चुकीचा. कालिदासाला यात दोष देण्याचे कारण नाही. त्याला मेघाला सोबत हवी होती. पण त्यानंतरच्या शतकांत कोणाला हा महिना तपासून पाहावासा वाटू नये, याचे नवल वाटते. संकेत एकदा रूढ झाला की डोळे मिटतात, हे आम्ही वर्गात अलंकारशास्त्र शिकवताना सांगत असतोच.

तपासणे सोपे नाही, हेही मान्य. पहिला कुरव दिसला ही घटना असते. शेवटचा कुरव दिसतो तेव्हा तो शेवटचा आहे हे पाहणाऱ्याला कळत नाही. पुढे आठ-दहा दिवस काहीच दिसले नाही की मग मागे वळून तारीख ठरवावी लागते, आणि त्यासाठी ते रिकामे दिवसही टिपलेले असावे लागतात. 'आज काही नाही' ही नोंद करण्याचा उत्साह फार थोड्यांना असतो. त्यात काही अल्पवयीन पक्षी उन्हाळाभर इथेच रेंगाळतात, त्यामुळे तारखेला आणखी धूसरपणा येतो. शिवाय मार्च-एप्रिल म्हणजे आमच्यासारख्यांना परीक्षा, पर्यवेक्षण आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. शिक्षकवर्गाकडे लिहिण्याची सवय आहे, पण नेमक्या त्या दिवसांत सवड नाही.

मांडव्याच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर किहीम आहे. बर्लिनहून शिकून आलेले, पण नोकरी नसलेले सालिम अली १९३० साली तिथे राहिले आणि रोज बसून सुगरणीच्या वसाहतीचे निरीक्षण करीत राहिले. नर एकामागून एक घरटी विणतो आणि मादी त्यांतले पसंत पडलेले घेते, हे त्यातून उलगडले आणि १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यासाठी लागली ती एक जागा, सवड आणि वही. त्या अभ्यासाची भाषा इंग्रजी होती हे स्वाभाविकच. आज ९० हून अधिक वर्षांनंतरही याच किनाऱ्यावरच्या नोंदी बहुतांशी इंग्रजीतच होतात, याला मात्र आम्ही स्वाभाविक म्हणणार नाही.

मारुती चितमपल्ली जून २०२५ मध्ये गेले. 'सारंगागार', 'काकागार' असे शब्द त्यांनी मराठीला दिले आणि 'पक्षिकोश' सिद्ध केला. त्यांच्या निधनानंतर गौरवाचे पुष्कळ लिहिले गेले. ते शब्द किती जणांच्या रोजच्या वापरात आले, याचा हिशोब मांडायला हवा. कुरव हा शब्द बोटीवर ऐकू येत नाही तोवर तो कोशातच राहणार.

आमची सूचना साधी आहे. गेटवे-मांडवा फेऱ्यांवरचे खलाशी दिवसातून अनेकदा हेच पाणी ओलांडतात. त्यांच्याइतके सातत्याने कुरवांकडे पाहणारे दुसरे कोणी नाही. त्यांच्याशी बोलून, धक्क्यावरच्या एखाद्या फळ्यावर रोज तीन गोष्टी मराठीत लिहिता येतील: भरती की ओहोटी, मागे किती कुरव आले, किती डोकी गडद झाली. जवळपासच्या शाळेतली मुले हा फळा सांभाळू शकतील, आणि मे महिन्यात त्यावर ओळीने शून्ये लिहिण्याचा कंटाळा ती आमच्यापेक्षा कमी करतील. मेअखेरीस पावसाळ्यासाठी प्रवासी बोटी बंद होतात, तोवर आतल्या रानांत दक्षिणेकडून नवरंग येऊ लागलेला असतो.