आजाऱ्याची सोबत

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर पिंपरी-चिंचवडच्या एका टोकास निगडी वसली आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा औषधांचा कारखाना निघाला. पुढे आकुर्डी, भोसरी, चाकण येथपर्यंत कारखान्यांचे जाळे पसरले. १९७२ साली स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने निगडीच्या परिसरात नव्या पेठा वसविल्या. मराठवाडा, विदर्भ, खानदेश अशा नाना भागांतून माणसे येथे पोटापाण्यासाठी आली. त्यांची भावकी मात्र दूर गावी राहिली. अशा वसाहतीत शेजार हेच गणगोत. म्हणून येथे एखाद्या घरी कर्करोगासारखे दुखणे आले, तर त्या घराला सोबत कोणी करावी, हा प्रश्न साऱ्या आळीचा होतो.

असे दुखणे कळताच पहिल्या आठवड्यात भेटीस येणाऱ्यांची रीघ लागते. जो तो हळहळतो, जो तो एखादा उपाय सुचवितो. पुढे महिना लोटतो, येणारी पावले विरळ होतात आणि खरी निकड असते त्याच वेळी अंगण ओस पडते. यात कोणाचे मन वाईट असते असे नव्हे. भावनेचा पूर जितक्या लवकर चढतो, तितक्याच लवकर तो ओसरतो. कर्करोगाचे उपचार मात्र दीर्घकाळ चालतात. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे हे त्यांचे मुख्य प्रकार होत. औषधे ठराविक दिवसांच्या अंतराने पुनःपुन्हा द्यावी लागतात व त्यात कित्येकदा अनेक महिने जातात.

कारखान्यात पहिल्या पाळीचे कामगार घरी परततात, तेव्हा दुसऱ्या पाळीचे कामगार त्यांची जागा घेतात. म्हणून यंत्र थांबत नाही. आजाऱ्याच्या सोबतीलाही हाच नियम लावला पाहिजे. सोमवारी एका घराने जेवणाचा डबा द्यावा, मंगळवारी दुसऱ्याने रुग्णालयात बरोबर जावे, तिसऱ्याने घरातील लहान मुलास शाळेत पोहोचवावे, चौथ्याने दळण आणून द्यावे. काम लहान असले तरी चालेल, परंतु ते ठरलेले असावे. 'काही लागले तर सांगा', असे म्हणणे सोपे आहे. पण दुखण्याने गांजलेल्या घराला मागणेही जड जाते. 'गुरुवारचा डबा आमच्याकडचा', एवढे एक वाक्य त्याहून अधिक मोलाचे होय.

सेवेला ज्ञानाची जोडही हवी. शरीरातील काही पेशी मर्यादा सोडून अनिर्बंध वाढू लागल्या, म्हणजे कर्करोग होतो. रुग्णाला स्पर्श केल्याने, त्याच्याबरोबर जेवल्याने किंवा शेजारी बसल्याने तो दुसऱ्यास होत नाही. उलट, रुग्णालाच इतरांपासून जपावे लागते. त्याला देण्यात येणारी अनेक औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. त्यामुळे पुष्कळदा केस गळतात. उपचार संपल्यावर ते बहुधा पुन्हा येतात. रक्तातील पांढऱ्या पेशीही कमी होतात व अंगची प्रतिकारशक्ती उणी पडते. म्हणून ज्याला सर्दी-पडसे झाले असेल, त्याने त्या दिवशी भेटीला न जाणे हीच त्याची सेवा! कोणते उपचार घ्यावेत, हे मात्र तज्ज्ञ डॉक्टरांवर सोपवावे.

कोणी म्हणेल, डबा पोहोचविल्याने रोग थोडाच बरा होतो? होत नाही, हे खरे. परंतु उपचार अखेरपर्यंत सोसण्यास बळ लागते आणि ते बळ एकट्याच्या अंगी क्वचितच असते. कॅनडा देशातील टेरी फॉक्स या तरुणाची हकिकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. वयाच्या अठराव्या वर्षी, १९७७ साली, हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय कापावा लागला. १९८० साली कृत्रिम पाय लावून तो कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमवीत देशभर धावू लागला. १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर धावला. त्याचे नाव जगास ठाऊक आहे. परंतु त्याचा शाळासोबती डग अलवर्ड हा गाडी घेऊन पुढे जाई, थोड्या थोड्या अंतरावर थांबे आणि पाणी घेऊन त्याची वाट पाही. वाटेत दोघांत इतके खटके उडाले, की त्यांचे बोलणेही जवळजवळ बंद झाले. तेव्हा टेरीचा धाकटा भाऊ त्यांच्या मदतीला आला. पण डगने गाडी सोडली नाही. दुखणेकरी माणूस चिडतो, टाकून बोलतो. ते पोटात घालून जो टिकतो तोच खरा सोबती. १९८१ साली टेरी वारला. तथापि डगची सोबत वाया गेली असे कोण म्हणेल?

महाराष्ट्रातही अशा सोबतीची परंपरा आहे. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढे सर दोराबजी टाटा न्यासाच्या साहाय्याने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. एका घराचे दुःख असंख्य घरांचा आधार बनले. बाहेरगावाहून तेथे येणाऱ्या रुग्णांना व त्यांच्या सोबत्यांना अल्प खर्चात निवारा मिळावा, म्हणून दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. ज्यांची ओळखदेख नाही त्यांच्यासाठीही समाज इतके करू शकतो. मग शेजारच्या घरासाठी त्याने किती करावे!

या कामात मुलांचा वाटाही लहान नाही. वर्गातील मित्र आजारी पडला, तर त्याची बाकावरची जागा राखावी, रोजचा अभ्यास वहीत उतरवून त्याला पोहोचवावा. तो परत आला म्हणजे त्याच्या टोपीकडे टक लावून पाहू नये. त्याला झेपेल तो खेळ मांडावा. त्याच्या दुखण्याची चर्चा त्याच्या मागे करू नये. काय हवे, काय नको, हे त्यालाच विचारावे. कीव केल्याने आजारी माणूस अधिकच एकटा पडतो. कालचा मित्र आजही आपल्याला पूर्वीसारखाच वागवितो, हा अनुभव त्याला उभारी देतो. ती देण्यासाठी पैसा लागत नाही, मोठे वयही लागत नाही. ठरल्या दिवशी ठरल्या वेळी त्याच्या दाराशी पोहोचावे लागते, इतकेच.